व्हिएन्नात पानगळीतला एक निवांत शनिवार: पहिल्यांदा येणाऱ्या मित्रमंडळींसाठी

सप्टेंबर उजाडला की मला निरोप येऊ लागतात. कुणी म्युनिकला शिकायला आलेलं असतं, कुणी प्रागला नोकरीवर, कुणी पुण्याहून सुट्टी काढून आलेलं. विचारणं एकच: "शनिवारी चौघं-पाच जण व्हिएन्नाला येतोय, एका दिवसात काय काय होईल?" म्युनिक किंवा प्रागहून रेल्वेने साधारण चार तास, बुडापेस्टहून पावणेतीन. त्यामुळे शनिवार-रविवार धरून येणारे पुष्कळ.

माझ्या इथल्या पहिल्या ऑक्टोबरात मीही पाच मित्रांना बोलावून नऊ ठिकाणांची यादी केली होती. राजवाडा, दोन संग्रहालयं, चर्च, आकाशपाळणा, सगळं. दुपारी तीनपर्यंत दोघं थकून बसली, एक रुसली, आणि ज्या टेकडीवरून शहर बघायचं म्हणून मी इतका आग्रह धरला होता, तिथे पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पाचही जण थंडीत कुडकुडत बसची वाट बघत उभे होते. तेव्हापासून पाहुण्यांसाठी माझा एकच नियम आहे: दिवसात दोनच गोष्टी पक्क्या करायच्या. एक उजेडातली, एक अंधार पडल्यानंतरची. मधला सगळा वेळ मोकळा ठेवायचा. खाली जो दिवस सांगितला आहे तो मी बऱ्याच वेळा काढला आहे, आणि तो जमतो.

१. तारीख नीट निवडा

कोजागिरीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस इथे सगळ्यात सुंदर. द्राक्षमळे पिवळे पडलेले असतात, हवेत गारवा असतो पण हाडं गोठत नाहीत. पण तारीख ठरवताना तीन गोष्टी बघाच.

एक म्हणजे उजेड. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साधारण सहाला मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्यानंतर पावणेपाचलाच अंधारतं. आमची पहिली फजिती याच आठवड्यात झाली होती. म्हणून घड्याळं बदलण्याआधीचा शनिवार धरा.

दुसरं, सुट्ट्या. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिवस आणि १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. दोन्ही दिवशी दुकानं बंद. रविवारी तर एरवीही बंदच असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली मोजकी सोडली तर. शनिवारीसुद्धा सहाच्या सुमाराला सुपरमार्केटची दारं मिटतात. रात्री खोलीवर पोहे करू म्हणून भाजी आणायची असेल तर ती आधीच आणून ठेवा.

तिसरं, हा दिवस शनिवारीच करा. जुना बाजार फक्त शनिवारी भरतो, आणि शनिवारची रात्र म्हणजे मेट्रो रात्रभर चालू.

२. कागदपत्रं आणि पिशवी

युरोपात कुठेही सीमा नसते, असं ऐकून लोक पासपोर्ट घरी ठेवून येतात. हे करू नका. ऑस्ट्रियाहून जर्मनीत परतताना गाडीत तपासणी होते, आणि फोनमधला फोटो दाखवून भागेलच असं नाही. तेव्हा हे सोबत हवं:

- मूळ पासपोर्ट, आणि तुम्ही युरोपात राहत असाल तर राहण्याच्या परवान्याचं कार्डही
- पर्यटक व्हिसावर असाल तर प्रवास विम्याचा कागद
- परतीचं रेल्वे तिकीट फोनमध्ये, आणि ते उघडायला चार्ज असलेली पॉवर बँक
- सुटी नाणी, विशेषतः ५० सेंटची, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात लागतात
- माणशी थोडी रोख रक्कम. द्राक्षमळ्यातल्या खानावळींत कार्ड चालेलच असं नाही
- रिकामी पाण्याची बाटली
- पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, आणि चिखलात चालतील असे बूट

पाण्याबद्दल मुद्दाम सांगतो. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये. नळाखाली बाटली भरा आणि प्या, इतकं गोड पाणी विकत मिळणार नाही.

आणि घरून निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. पुढे त्या कुठे सोडायच्या ते सांगतो.

३. तिकीट काढा आणि त्यावर शिक्का मारून घ्या

मेट्रो, ट्राम आणि बस तिन्हींना एकच तिकीट चालतं. दिवसभरासाठी माणशी २४ तासांचं तिकीट घ्या. स्थानकावरच्या यंत्रात मिळतं किंवा 'वीनमोबिल' ॲपमध्ये.

नवखी माणसं इथेच अडकतात. मेट्रोला फाटक नाही. तुम्ही सरळ फलाटावर जाता आणि वाटतं, झालं. पण कागदी तिकिटावर वेळ छापलेली नसेल, तर शिरताना दिसणाऱ्या छोट्या निळ्या पेटीत ते सरकवून शिक्का मारून घ्यावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे बिनतिकीट. माझ्या एका मैत्रिणीने तिकीट काढलं होतं, पर्समध्ये नीट ठेवलं होतं, आणि तरी तिला शंभर युरोंहून जास्त दंड भरावा लागला. दिवसभर ती गप्प होती. शिक्का एकदाच मारायचा, पहिल्या प्रवासाला.

विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्याला वेगळं जोडतिकीट लागतं, हेही लक्षात असू द्या.

४. सकाळी नऊ: केटेनब्र्युकेनगासेचा जुना बाजार

यू४ या हिरव्या मेट्रोने केटेनब्र्युकेनगासे स्थानकावर उतरा. बाहेर पडलं की समोरच जुन्या वस्तूंचा बाजार. पितळी दिवे, फुटके व्हायोलिन, कुणाच्या तरी आजीची चांदीची चमच्यांची पेटी, शंभर वर्षांपूर्वीची पोस्टकार्डं. आपल्या जुन्या बाजारात जसं सकाळी लवकर जाणाऱ्याला चांगला माल मिळतो तसंच इथे. साडेसहापासून पथाऱ्या लागतात. भाव करायला काहीच हरकत नाही, पण हसून आणि नम्रपणे. सुरुवात "ग्र्यूस गॉट" म्हणून करा. व्हिएन्नातला हा नेहमीचा नमस्कार आहे, आणि तो केला की समोरच्याचा चेहरा बदलतो.

बाजाराला लागूनच नाशमार्क्ट आहे: फळं, चीज, मसाले, ऑलिव्ह. चव बघायला पुष्कळ जण पुढे करतील. आवडलं तर घ्या, पण किती हवं ते वजनात सांगा. इथे वजन 'डेका'त मोजतात. एक डेका म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम हवं असेल तर "दहा डेका" म्हणायचं. नुसतं "थोडं द्या" म्हटलंत तर थोडं किती ते दुकानदार ठरवणार.

रस्त्यापलीकडे मान वर करून बघा. लिंके वीनत्साइले ४० या इमारतीच्या सगळ्या दर्शनी भिंतीवर फरशांची गुलाबी फुलं चढलेली आहेत. ओटो वाग्नर या वास्तुविशारदाने १८९८-९९ च्या सुमारास ती बांधली. पैसे नाहीत, रांग नाही. पाच मिनिटं उभं राहून बघावी अशी.

चालताना एक काळजी घ्या: पदपथाच्या कडेला सायकलींसाठी आखलेली पट्टी असते. आपली मंडळी गप्पांच्या नादात घोळक्याने नेमकी त्याच पट्टीवर चालतात, आणि सायकली वेगाने येतात.

५. साडेदहा: कॉफी, घाई न करता

व्हिएन्नाच्या कॉफीहाऊस संस्कृतीची २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. तो वारसा म्हणजे नेमकं काय, ते आत बसल्यावर कळतं. शहराच्या मध्यातल्या नावाजलेल्या कॅफेंसमोर रांग असते. त्या रांगेत सकाळ घालवू नका. बाजारापासून चालत थोड्याच अंतरावर, गुम्पेनडॉर्फर श्ट्रासेवर, १८८० पासूनचं कॅफे श्पेर्ल आहे. जुनी लाकडी जमीन, बिलियर्डची टेबलं, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं.

'मेलांज' मागवा. दूध घातलेली, वर फेस असलेली कॉफी. छोट्या तबकात कॉफीचा कप येतो, शेजारी पाण्याचा पेला आणि त्या पेल्यावर आडवा ठेवलेला चमचा. एका कपावर तुम्ही दोन तास बसलात तरी कुणी उठवणार नाही. बिलही कुणी आणून ठेवणार नाही, कारण न मागता बिल देणं म्हणजे पाहुण्याला "आता निघा" म्हणणं. निघताना "त्सालेन, बिटे" म्हणा. बक्षिशी टेबलावर ठेवून जात नाहीत. बिल सव्वीसचं असेल तर पैसे देतानाच "अठ्ठावीस" म्हणायचं.

सहापेक्षा जास्त जण असाल तर दोन टेबलांवर बसायची तयारी ठेवा, किंवा आधी फोन करा. आणि पैशांचा हिशेब एकाकडे द्या. त्या दिवशी एकानेच सगळं भरायचं, रात्री वाटून घ्यायचं. दर ठिकाणी सहा कार्डं निघाली की दिवसाचा एक तास त्यातच जातो.

६. बारा वाजता: कालेनबर्ग

ही उजेडातली पक्की गोष्ट. परत यू४ धरा आणि शेवटच्या हायलिगेनश्टाट स्थानकापर्यंत जा.

स्थानकाबाहेर आलात की समोर एक लांबच लांब लालसर इमारत दिसेल. तो कार्ल मार्क्स होफ, १९२७ ते १९३० मध्ये नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली वसाहत, किलोमीटरहून लांब. वरळीच्या बीडीडी चाळीही १९२० च्याच दशकातल्या. मुंबईकर पाहुण्यांना मी इथे हमखास थांबवतो: मोठाल्या कमानी, आत मोकळी अंगणं, लहान मुलांसाठी जागा. त्याच काळात दोन शहरांनी आपल्या कामगारांसाठी घर म्हणजे काय ठरवलं, ते समोर उभं असतं.

इथून ३८ए बस. पाटीवर 'कालेनबर्ग' लिहिलंय ना ते बघून चढा. वळणावळणांनी ती तुम्हाला ४८४ मीटर उंचीच्या टेकडीवर नेते. वर वारा सुटलेला असतो, खाली कितीही ऊन असलं तरी. जाकीट इथे लागणार.

कठड्यावरून खाली सगळं शहर. उजवीकडे जुन्या शहराचा पुंजका, डावीकडे डॅन्यूब आणि तिच्यात २१ किलोमीटर लांबीचं माणसाने बनवलेलं बेट. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण जुन्या शहराला लागून वाहणाऱ्या कालव्याला डॅन्यूब समजून फोटो काढतात. खरी नदी ही, इथून दिसते ती.

१२ सप्टेंबर १६८३ रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि त्याच्या मित्रांची फौज याच डोंगरउतारांवरून खाली उतरली आणि दोन महिने शहराला पडलेला ऑटोमन वेढा उठला. त्याच वर्षाच्या शेवटी संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांवर चालून गेले होते. शाळेत हे दोन्ही इतिहास आपण इतक्या वेगळ्या पुस्तकांत वाचतो की ते एकाच सालातले आहेत हे मला इथे उभं राहीपर्यंत जाणवलं नव्हतं.

७. उतरताना चाला

वर बसने, खाली पायी. उलटं केलं तर निम्मी मंडळी धापा टाकत पोचते आणि गप्पा होत नाहीत. कालेनबर्गर श्ट्रासेने नुसडॉर्फपर्यंतची उतरण रमतगमत दीड-दोन तासांची. थोडं जंगल, मग एकदम उघडे द्राक्षमळे. ज्यांना तीन-चार तास चालायचं आहे त्यांच्यासाठी 'श्टाटवांडरवेग १' ही खुणा केलेली सुमारे ११ किलोमीटरची वाट नुसडॉर्फहूनच निघते. पण तो वेगळा दिवस.

मळ्यांच्या कडेला बाकं आहेत. दशम्या इथे सोडायच्या. गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं अशाच एका बाकावर बसलो होतो. चटणीच्या पुडीवर वाऱ्याने द्राक्षाचं एक पिवळं पान येऊन पडलं, कडा तांबूस, शिरा अजून हिरव्या. मैत्रिणीने ते पुडीच्या कागदातच घडी करून ठेवलं. अजूनही तिच्या वहीत आहे, तेलाचा डाग धरलेलं.

वेलीवरची द्राक्षं मात्र तोडू नका. मळे खासगी आहेत, एखाद्या घरच्या वर्षभराच्या कमाईचे. व्हिएन्नाच्या हद्दीत असे सुमारे ६०० हेक्टर मळे आहेत. इथली खास पद्धत म्हणजे एकाच मळ्यात अनेक जातींच्या वेली मिसळून लावायच्या, एकत्र तोडायच्या आणि एकत्रच आंबवायच्या. आपल्याकडच्या मिश्र पिकासारखंच. एक जात बिघडली तर दुसरी सावरते.

आणखी एक सावधगिरी, लहान मुलं सोबत असतील तर फारच. रस्त्यांवर आणि बागांत झाडांखाली चकचकीत तपकिरी फळं पडलेली असतात. कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्यांवर भाजून मिळणाऱ्या मारोनीसारखीच, म्हणजे खायच्या चेस्टनटसारखीच दिसतात. ती खाण्याची नव्हेत. त्याला हॉर्स चेस्टनट म्हणतात आणि ते विषारी असतं. माझ्या एका मित्राने खिसे भरून आणली आणि तव्यावर भाजायला ठेवली होती. शेजारच्या आजींनी वास ओळखून दार वाजवलं म्हणून बरं. खायची मारोनी गाडीवरूनच घ्या, कागदाच्या कोनात, गरम.

शेवटाला ओढ्याकाठची सपाट वाट येते, बेथोवेनगांग. बेथोव्हेन इथे फिरायचा. जवळच्या हायलिगेनश्टाटमध्ये राहत असताना, ऑक्टोबर १८०२ मध्ये, आपली श्रवणशक्ती जात असल्याचं दुःख त्याने भावांना उद्देशून कागदावर उतरवलं. ते पत्र त्याने कधी पाठवलं नाही. तो राहत होता असं मानलं जाणारं प्रोबुसगासेतलं घर आता संग्रहालय आहे. कुणाला ओढ असेल तर वाट थोडी वाकडी करावी.

८. संध्याकाळ: हॉयरिगर

ही दुसरी पक्की गोष्ट. हॉयरिगर म्हणजे मळेवाल्याने आपल्याच वाइनसाठी आपल्याच आवारात चालवलेली खानावळ. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने लोकांना स्वतः पिकवलेलं स्वतः विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही रीत. दारावर पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तर खानावळ उघडी. बऱ्याचशा घरगुती खानावळी वर्षातले ठरावीक आठवडेच उघडतात, म्हणून आदल्या दिवशी तपासा आणि पाचहून जास्त जण असाल तर जागा राखून ठेवा.

आत गेल्यावर: पेय टेबलावर मागवायचं, जेवण मात्र आतल्या काउंटरवरून स्वतः आणायचं. हे माहीत नसलं की माणसं अर्धा तास वाट बघत बसतात.

शरदात मागायची गोष्ट म्हणजे 'श्टुर्म': अजून आंबत असलेली, गढूळ, गोडसर नवी वाइन. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरपर्यंतच मिळते. लागते सरबतासारखी, पण चढते, आणि पोटही बिघडवते. दोन पेल्यांवर थांबा. ती हातात घेऊन "प्रोस्ट" न म्हणता "मालत्साइट" म्हणायची जुनी पद्धत आहे. न पिणाऱ्यांनी 'ट्राउबेनझाफ्ट', म्हणजे द्राक्षाचा रस मागवावा. तोही उत्तम असतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र जपून. बटाट्याचं व्हिएन्नी सॅलड, एर्डएप्फेलझालाट, निरुपद्रवी दिसतं, पण ते बऱ्याचदा गोमांसाच्या रश्श्यात भिजवलेलं असतं. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं फ्रिटाटेन सूपही तसंच. विचारूनच घ्या. त्यातल्या त्यात चालेल ते लिपटाउअर, लाल मिरचीपूड घातलेलं मऊ चीज, काळ्या पावावर. तरी आत अँकोव्ही मासा नाही ना, हे एकदा विचारा. भोपळ्याचं सूप या दिवसांत सगळीकडे असतं, तेही कशात शिजवलंय ते विचारून घ्या. गोडात ॲपल श्ट्रुडेल.

९. पाऊस लागला तर

टेकडी सोडून द्या, हट्ट करू नका. धुक्यात वरून काहीच दिसत नाही. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात जा आणि फक्त पीटर ब्रूगलचं दालन बघा. १५६५ मध्ये त्याने ऋतूंवर काढलेल्या चित्रांपैकी पाच आज उरली आहेत, त्यातली तीन इथे. 'बर्फातले शिकारी' हे चित्र सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही शेजारचं 'कळप घरी परततो' बघा: डोंगरउतारावरून गुरं खाली येतायत, झाडं निष्पर्ण, आभाळ काळवंडलेलं. ते शरदाचं चित्र आहे. गुराख्यांच्या वाकलेल्या पाठी निरखायला तिथे बसायची जागा आहे, बसून बघा.

बाहेर मध्य शहरात दरबारी पोशाख आणि पांढरे टोप घातलेले विक्रेते मैफलींची महागडी तिकिटं विकत फिरतात. नम्रपणे नको म्हणा. संगीत ऐकायचंच असेल तर राज्य ऑपेरात उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं असतात, ती घ्या.

१०. परतताना

नुसडॉर्फहून डी ट्राम थेट जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्याला येते, ऑपेराच्या समोरून जाते. मेट्रो शनिवारी रात्रभर असल्यामुळे शेवटच्या गाडीची धास्ती नाही. सकाळच्या तिकिटाचे २४ तास रविवारी सकाळपर्यंत चालतात, पाकीट आवरताना ते फेकू नका.

श्टुर्मची बाटली घरी न्यायची असेल तर एवढं सांभाळा. ती आत अजून उकळत असते, म्हणून बूच घट्ट बसवलेलं नसतं. पाठीवरच्या पिशवीत आडवी टाकलीत तर सगळे कपडे भिजतील, आणि बूच दाबून बसवलंत तर बाटली फुटू शकते. ट्राममध्ये दोन पायांच्या मध्ये उभी धरून बसा, खोलीवर फ्रिजच्या दारात उभीच ठेवा, आणि दोन दिवसांत संपवा.